पाठदुखीच्या गोळीपासून मनोविकार कक्षापर्यंत: ओपिऑइड अवलंबित्व आणि आत्महत्येचा धोका, एक प्रकरण अभ्यास

खालचं प्रकरण एका माणसाचं नाही. ओपिऑइड गटातल्या, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या, वेदनाशामकांवर अवलंबून असलेले रुग्ण आत्महत्येच्या विचारांसह मनोविकार विभागात ज्या वाटेनं पोचतात, त्या वाटेवरचे नेहमीचे टप्पे जोडून ते रचलं आहे. वय, व्यवसाय, घर कल्पित आहे. औषधं, मात्रा, कायद्याची कलमं खरी आहेत, आणि चुका रोज कुठे ना कुठे होणाऱ्या आहेत.

रुग्ण

वय ३७, पुरुष, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा. स्वतःचा छोटा टेम्पो, त्यावर दरमहा हप्ता. घरी पत्नी, दोन मुली आणि आई. थोरला भाऊ शेजारीच राहतो. २०१६ मध्ये माल उतरवताना कंबर धरली. एमआरआयमध्ये कमरेच्या तळाची, एल५-एस१ची चकती सरकलेली दिसली. हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन आठवड्यांसाठी लिहून दिलं.

तीन आठवड्यांनंतर काय करायचं, हे त्या चिठ्ठीवर नव्हतं. दुखणं उतरलं होतं, पण गोळी चुकली की सकाळी जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जुलाब, आणि पाय एका जागी ठरेनात. दुखणं परत आलं असंच त्याला वाटलं, आणि तसं वाटणं साहजिक होतं, कारण ओपिऑइड सुटतानाचा त्रास अंगदुखीच्या रूपानंच येतो. मेडिकलमध्ये जुन्या चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो चालत होता. दोन वर्षांत दिवसाला १० ते १२ कॅप्सूल झाल्या, म्हणजे ५०० ते ६०० मिलिग्रॅम. ट्रॅमाडॉलची कमाल मर्यादा दिवसाला ४०० मिलिग्रॅम आहे. याच काळात त्याला एकदा फिट आली. ट्रॅमाडॉलनं फिट येऊ शकते, पण तेव्हा कुणी गोळ्यांबद्दल विचारलंच नाही. फिटचं औषध सुरू झालं, वर्षभरानं त्यानंच ते सोडलं.

२६ एप्रिल २०१८ रोजी ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याखाली आलं. मेडिकलवाल्यानं हात वर केले आणि त्याऐवजी टॅपेन्टाडॉल या दुसऱ्या ओपिऑइडची १०० मिलिग्रॅमची स्ट्रिप पुढे केली. ते औषध त्या कायद्याखाली नव्हतं. झोप येईना म्हणून अल्प्राझोलामही सुरू झालं, रात्री ०.५ मिलिग्रॅमच्या दोन. ओपिऑइड आणि झोपेची गोळी ही जोडी श्वास मंदावते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

२०२१ मध्ये घरच्यांनी त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने ठेवलं. पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या बंद. घरी आल्यावर आठव्या दिवशी त्यानं जुन्या सवयीएवढ्याच गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. “घोरत होते, म्हणून झोपू दिलं,” असं पत्नीनं नंतर सांगितलं. ही घटना पुढे कुठल्याच केसपेपरवर आली नाही.

पहिली दाखल वेळ: ‘चुकून जास्त झाल्या’

२०२३. पत्नीला टेम्पोच्या सीटखाली स्ट्रिपा सापडल्या. भावानं सगळ्या काढून घेतल्या आणि त्याला खोलीत ठेवलं. बाहेरून कडी. पाच दिवस टर्की, म्हणजे गोळी सुटतानाचा त्रास: झोप नाही, जुलाब, कंबर पूर्वीपेक्षा तिप्पट दुखते. सहाव्या दिवशी कडी निघाली तेव्हा त्यानं गॅरेजमध्ये लपवलेल्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसोबत घेतल्या.

अपघात विभागात आणलं तेव्हा हाकेला ओ नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला ८. ओपिऑइडचा असर उतरवणारं नॅलोक्सोन ०.४ मिलिग्रॅम शिरेतून, काही मिनिटांनी पुन्हा तेवढंच. श्वास १४ वर आला. वैद्यकीयदृष्ट्या इथवर सगळं नीट झालं. नॅलोक्सोनचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो, गोळ्यांचा त्याहून जास्त, म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णाला लगेच सोडायचं नसतं. तेही पाळलं गेलं. झोपेच्या गोळीवर नॅलोक्सोन चालत नाही, म्हणून ऑक्सिजन आणि श्वासावर नजर रात्रभर चालू राहिली.

बिघडलं ते कागदावर. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होणार म्हटल्यावर भाऊ घाबरला. “चुकून जास्त घेतल्या गेल्या,” असा जबाब त्यानं दिला आणि केसपेपरवर तेच आलं. ही भीती घरोघरी आहे आणि ती आता बरीचशी जुनी झाली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरलं जातं, आणि तिच्यावर भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली खटला चालवून शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलमच राहिलेलं नाही. तिथे कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. एमएलसीची नोंद होते, पोलीस जबाब घेतात, तेवढ्यावरच बहुतेक वेळा संपतं. अपघात विभागातल्या सिस्टरनं किंवा निवासी डॉक्टरनं हे नातेवाइकांना जबाबाआधी दोन वाक्यांत सांगितलं, तर कागदावर खरं येण्याची शक्यता किती तरी वाढते.

तिसऱ्या दिवशी मानसोपचाराचं मत मागवलं. भाऊ खाटेशेजारी उभा असताना विचारलं गेलं, “मनात असं काही आहे का?” रुग्ण म्हणाला, “नाही साहेब.” डिस्चार्ज कार्डावर: नैराश्यावरचं एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम, झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, दोन्ही पंधरा दिवसांसाठी, आणि ‘व्यसनमुक्ती केंद्रात दाखवावे’.

या एका कार्डात किती गोष्टी चुकल्या ते पाहण्यासारखं आहे. ज्यानं नुकत्याच झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या त्याच्या हाती आणखी पंधरा दिवसांच्या दिल्या. ओपिऑइडवरच्या अवलंबित्वावर काहीच उपचार नाही, म्हणजे टर्की घरी जाऊन पुन्हा सुरू होणार आणि तो पुन्हा गोळीकडेच वळणार. त्यातून ट्रॅमाडॉल हाती लागलं असतं तर एस्सिटॅलोप्रॅमसोबत मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढून ताप, थरथर, घाम, गोंधळ असं वेगळंच संकट आलं असतं. फेरतपासणीची तारीख नाही. आणि ‘व्यसन’ एका विभागाचं, ‘मन’ दुसऱ्याचं, अशी वाटणी झाल्यामुळे दोन्ही एकत्र पाहणारं कुणीच उरलं नाही.

दुसरी भेट

तीन आठवड्यांनी तो पत्नीला सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, “मी नसलो तर विम्यातून टेम्पोचे हप्ते फिटतील.” मुलींच्या फीच्या पावत्या त्यानं एका पिशवीत नीट लावून ठेवल्या होत्या. तिनं भावाला न विचारता त्याला जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात मनोविकार विभागात आणलं. संपूर्ण प्रकरणात सगळ्यात अचूक निर्णय हाच होता.

इथे मुलाखत एकट्यानं घेतली गेली, नातेवाईक बाहेर. क्रमही वेगळा होता. आधी गोळ्यांचा हिशोब: कोणती, किती, कधी, शेवटची किती वाजता, सोबत दारू किंवा झोपेची गोळी आहे का, मिळतात कुठून, आत्ता घरात किती आहेत. या प्रश्नांना धमकीचा सूर नसला की उत्तरं मिळतात. मग आत्महत्येचे प्रश्न, कोलंबिया प्रश्नावलीच्या क्रमानं: मरून जावंसं वाटतं का, स्वतःला संपवण्याचा विचार येतो का, कसं ते ठरवलंय का, तसं करायचा इरादा आहे का, तयारी केली आहे का. विचारल्यानं विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे.

ओपिऑइडच्या रुग्णाला यापुढचा एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो ‘मुद्दाम की चुकून’ असा विचारून चालत नाही. पथकानं तो असा विचारला: “त्या दिवशी गोळ्या घेताना परत उठायचंय असं मनात होतं, की नाही उठलो तरी चालेल असं?” उत्तर आलं, “दुखणं थांबावं एवढंच होतं. उठेन का नाही, विचार नाही केला. नसतो उठलो तरी चाललं असतं.” २०२१ च्या त्या लांबलेल्या झोपेबद्दल विचारलं तर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तेव्हाही तसंच.” म्हणजे पूर्वीच्या घटना एक नव्हे, दोन. धोक्याच्या नोंदीत ही दुरुस्ती फार मोठी आहे.

ओपिऑइडच्या अतिसेवनात इरादा बहुधा असा मधल्या पट्ट्यात सापडतो. जगण्याची इच्छा पातळ झालेली असते, मरणाचा ठाम निर्णय झालेला नसतो, आणि गोळी हातात असते. अमेरिकेतल्या नोरा वोल्को यांच्यासारख्या संशोधकांनी अपघाती म्हणून नोंदवलेल्या अतिसेवनाच्या मृत्यूंमध्ये आत्महत्या दडलेल्या असतात हे वारंवार मांडलं आहे. आपल्याकडे जबाब भावाचा असतो, तेव्हा इथे वेगळं घडत असेल असं मानायला काही आधार नाही.

आणखी एक तपशील कामी आला. विचार दिवसाच्या कोणत्या वेळी येतात, हे तासावार विचारलं. पहाटे तीन ते पाच. रात्री दहाच्या गोळीचा असर त्याच सुमारास ओसरत होता. म्हणजे आत्महत्येच्या विचारांचा एक भाग थेट टर्कीशी बांधलेला होता, आणि तेवढा भाग औषधानं एक-दोन दिवसांत हलू शकत होता. उरलेला भाग नैराश्याचा: सहा महिन्यांपासून कशातच मन नाही, भूक कमी, अपराधी वाटणं, ‘घराला भार झालोय’ ही पक्की समजूत.

हे नैराश्य स्वतंत्र की गोळ्यांमुळे आलेलं, हा वाद परीक्षेत ठीक आहे. पुस्तकी नियम असा की पदार्थ बंद झाल्यावर सुमारे महिनाभर थांबून पाहावं. आत्महत्येचा धोका असताना महिनाभर थांबणं म्हणजे सगळ्यात धोक्याचा महिना उपचाराविना घालवणं. दोन्हींवर एकदमच उपचार सुरू झाले.

धोका नेमका कुठे असतो

ओपिऑइड वापराच्या विकारात आत्महत्येनं होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा १३ पटींहून अधिक असतात, असं विल्कॉक्स, कॉनर आणि केन यांच्या २००४ च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. भारतात १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.१ टक्के लोक ओपिऑइड वापरतात, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास. त्यात औषधी गोळ्यांचा वाटा जवळपास १ टक्का. हे आकडे सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणातले. ओपिऑइड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा गर्दुल्ला येतो. सर्वेक्षण सांगतं की गोळीवाला त्याच्या जवळपास बरोबरीनं आहे, आणि तो कामावर जातो, हप्ते भरतो, म्हणून दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, पैकी २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. व्यसन हे कारण ६.८ टक्क्यांमागे लिहिलेलं आहे. ‘आजारपण’ आणि ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्यांत किती व्यसन दडलंय, हे त्या तक्त्यातून काढता येत नाही.

सरासरीपेक्षा कामाची गोष्ट म्हणजे वेळ. धोका वर्षभर सारखा नसतो. तो काही ठरावीक दिवसांत गोळा होतो. पहिले दिवस अचानक गोळी बंद केल्याचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एप्रिल २०१९ मध्ये इशारा दिला की शरीराला सवय झालेल्या रुग्णाचं ओपिऑइड एकदम बंद केल्यास तीव्र त्रास, अनावर वेदना, मानसिक ताण आणि आत्महत्या होऊ शकतात. पुढच्याच वर्षी तिथल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या अभ्यासात, औषध जितका जास्त काळ घेतलं होतं तितका ते थांबवल्यानंतर अतिसेवनानं किंवा आत्महत्येनं मृत्यूचा धोका जास्त निघाला. आपल्या रुग्णानं सात वर्षं घेतलं होतं, आणि भावानं ते एका दुपारी थांबवलं.

दुसरे दिवस रुग्णालयातून सुटल्यानंतरचे. मनोविकार कक्षातून घरी गेलेल्यांमध्ये पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचं प्रमाण दर लाख व्यक्ती-वर्षांमागे (एका माणसाचं एक वर्ष म्हणजे एक व्यक्ती-वर्ष) ११३२ असं २०१७ च्या एका मोठ्या संकलित विश्लेषणात आलं आहे. ओपिऑइडच्या रुग्णात इथे दुसरा धोका येऊन मिळतो: आठ-पंधरा दिवस गोळी बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, मन मात्र जुनी मात्राच लक्षात ठेवतं. त्यामुळे ‘डिटॉक्स’ पूर्ण करून, पुढचं औषध न देता घरी पाठवलेला रुग्ण हा न केलेल्या रुग्णापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. व्यसनमुक्तीच्या कामातल्या अनेकांना हे पचत नाही. “गोळीनं गोळी कशी सुटेल?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर मृत्यूच्या आकड्यांत आहे: ब्युप्रेनॉर्फिन या, टर्की रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ओपिऑइडवर असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ४.३ मृत्यू, ते सोडल्यावर ९.५, असं २०१७ च्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात आढळलं.

कक्षातले दिवस

रुग्ण स्वतः तयार होता, म्हणून मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ८६ खाली स्वतंत्र रुग्ण म्हणून दाखल झाला. तयार नसता आणि धोका एवढाच असता, तर कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’तच धरल्या आहेत. तेव्हा ‘हा व्यसनाचा आहे, आमच्याकडे नको’ या वाक्याला कायद्याचा आधार नाही. रुग्णाला दुसरी भीती पोलिसांची होती. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला वैयक्तिक सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देतं, हे त्याला वाचून दाखवलं.

पहिल्या दिवशी सामान तपासलं, खाट सिस्टरच्या टेबलासमोर दिली, पहिले ७२ तास सतत नजर. पिशवीच्या अस्तरात टॅपेन्टाडॉलची अर्धी स्ट्रिप निघाली. ती न ओरडता काढून घेतली आणि नोंद केली. त्याच संध्याकाळी लघवीची पट्टी ‘ओपिएट निगेटिव्ह’ आली आणि कक्षात कुजबुज झाली की हा खोटं बोलतोय. खोटं पट्टी बोलत होती. नेहमीची ओपिएट पट्टी मॉर्फिन, कोडीन आणि गर्द पकडते. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन पकडत नाही. त्यांच्या चाचण्या वेगळ्या मागवाव्या लागतात.

शेवटची टॅपेन्टाडॉल रात्री ९ वाजता घेतलेली. ब्युप्रेनॉर्फिन घाईनं दिलं तर ते मेंदूतल्या रिसेप्टरवर, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या जागेवर, आधी बसलेलं ओपिऑइड ढकलून देतं आणि टर्की एकदम, दुपटीनं उसळते. आत्महत्येच्या विचारांत असलेल्या माणसाला तो एक तास देणं परवडत नाही. शिवाय ‘हे औषध माझ्यावर उलटतं’ अशी त्याची कायमची समजूत होते. म्हणून टर्कीची तीव्रता मोजणाऱ्या कॉव्ज श्रेणीवर दर दोन-तीन तासांनी मोजमाप: नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, अंगावर काटा, पोट, अस्वस्थता अशा ११ बाबी. ५ ते १२ सौम्य, १३ ते २४ मध्यम. सकाळी १० वाजता ८ आले, थांबले. दुपारी २ वाजता १४ आले. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन २/०.५ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, पाणी नाही, थुंकी गिळायची नाही. गिळली तर औषध बरंचसं वाया जातं. तासाभरानं त्रास कमी, पण पुरता नाही. आणखी एक गोळी. पहिल्या दिवशी एकूण ४ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी ८, आणि तीच मात्रा पुढे चालू.

मात्रा दिवसातून एकदा न देता २-४-२ अशी तीन वेळा विभागली. एका डोसनं टर्की दिवसभर रोखली जाते, पण वेदना रोखण्याचा असर सहा ते आठ तासांतच ओसरतो. ज्याची सुरुवातच कंबरदुखीनं झाली त्याला हा फरक सांगून विभागून द्यायला हवं. नाहीतर तो संध्याकाळी पुन्हा मेडिकलच्या वाटेला लागतो.

अल्प्राझोलाम एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते, आणि याला पूर्वी फिट आलेली. म्हणून त्याऐवजी त्याच गटातलं डायझेपाम २० मिलिग्रॅम विभागून, आठ आठवड्यांत उतरवत शून्यावर. ब्युप्रेनॉर्फिनसोबत ही जोडी जपूनच वापरायची असते. प्रत्येक डोसआधी गुंगी आणि श्वास पाहून, गुंगी वाटली तर तो डोस गाळून. नैराश्य आणि कंबर दोन्हींसाठी ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम, यकृताच्या तपासण्या नीट पाहून आठवड्यानं ६०. पाठदुखीला सर्रास लिहिली जाणारी काही जुनी नैराश्यविरोधी औषधं मुद्दाम टाळली. तो गट अशा घरात साठवून ठेवण्याजोगा नाही.

तिसऱ्या रात्री तो पहाटे साडेपाचपर्यंत झोपला. आत्महत्येचे विचार थांबले नव्हते, पण पहाटेची ती वेळ मोकळी झाली होती. ब्युप्रेनॉर्फिनचा मनःस्थितीवरचा हा परिणाम फक्त टर्की थांबण्याचा, की कॅपा या वेगळ्या प्रकारच्या रिसेप्टरला रोखण्याचाही, यावर संशोधन चालू आहे. इस्रायलमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ओपिऑइडचं व्यसन नसलेल्या रुग्णांतही अगदी अल्प मात्रेनं आत्महत्येचे विचार कमी झाले होते. त्यावरून ब्युप्रेनॉर्फिनला आत्महत्येवरचं औषध मानायला लागणं मात्र घाईचं ठरेल.

घरी पाठवण्याआधी

स्टॅन्ली आणि ब्राउन यांच्या पद्धतीचा सुरक्षा आराखडा रुग्णाच्याच शब्दांत, एका पानावर लिहिला. धोक्याची खूण: ‘पावत्या लावायला घेतो’, ‘रात्री कंबर धरून बसतो’. एकट्यानं करायचं: गरम पाण्याची पिशवी, अंगणात फेऱ्या, धाकट्या मुलीचा पाढ्यांचा आवाज फोनवर ऐकणं. कुणाकडे जायचं: गॅरेजवाला मित्र, पण फक्त दिवसा, कारण रात्री तिथे पिणारे बसतात. मदत कुणाला मागायची: पत्नी, मग मेहुणा. भावाचं नाव त्यानं घातलं नाही आणि पथकानंही आग्रह धरला नाही. त्यापुढे विभागाचा नंबर, टेलि-मानस १४४१६ (चोवीस तास, मराठीतही), आणि व्यसनासाठी १४४४६. शेवटी घर सुरक्षित करणं. अपघात विभागात हा आराखडा आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन एकत्र दिले, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी झालं, असं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. नुसतं पान भरून फाइलला लावल्यानं ते होत नाही.

घर सुरक्षित करण्याचा भाग सर्वाधिक वेळ खातो. टेम्पो, गॅरेज, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, आईच्या औषधांचा डबा: गोळ्या कुठे कुठे असू शकतात याची यादी त्यानंच दिली, आणि मेहुण्यानं त्या रुग्णालयात आणून दिल्या. शेतकरी घर, म्हणून कीटकनाशकंही विचारली. ती गावाबाहेरच्या खळ्यात कुलपात, किल्ली मेहुण्याकडे. औषधं एका वेळी सात दिवसांचीच. पत्नीनं पहारेकरी व्हायचं नाही. तिनं फक्त सकाळचा डोस हातात द्यायचा आणि बाकी डबा कुलपात ठेवायचा. रोज खिसे तपासायला लागली तर महिन्याभरात दोघं एकमेकांशी बोलणं टाकतात.

अतिसेवन ओळखायला तिला शिकवलं: हाक मारून, खांदा हलवूनही जाग नाही, श्वास मंद, तुटक, खोल घरघर, ओठ-नखं निळसर. ती घरघर म्हणजे गाढ झोप नव्हे. लगेच १०८. तोवर कुशीवर वळवायचं, तोंड मोकळं ठेवायचं, श्वास थांबला तर तोंडानं श्वास द्यायचा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, एकटं सोडायचं नाही. काय घेतलं ते रुग्णवाहिकेत सांगायचं, म्हणजे नॅलोक्सोन तयार राहतं. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात, रुग्णालयातच मिळतं.

पुढचे महिने

४८ तासांत सिस्टरचा फोन, पाचव्या दिवशी पहिली भेट, मग दर आठवड्याला. गाव ते रुग्णालय येऊन-जाऊन पूर्ण दिवस जातो, म्हणजे एक भाडं बुडतं. हा खर्च कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत नसतो, पण उपचार तुटण्याचं सगळ्यात साधं कारण तोच असतो. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन गावच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही.

व्हायचं तेच झालं. गणपतीत टेम्पोला मागणी होती, त्यानं आठवड्याची भेट चुकवली, दोन दिवस औषधाविना गेले. तिसऱ्या दिवशी गॅरेजवर कुणीतरी टॅपेन्टाडॉल दिली. त्यानं एक घेतली आणि पत्नीला सांगितलं, कारण सांगितल्यावर काय होणार हे आधी ठरलेलं होतं: आरडाओरडा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालय. तिथे कॉव्ज मोजून ब्युप्रेनॉर्फिन पुन्हा सुरू केलं आणि आत्महत्येचे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. पहाटेचे विचार दोन रात्री परतले होते. पुढे सणावाराच्या काळात दोन आठवड्यांचं औषध, अर्धं मेहुण्याकडे, अशी सोय केली.

सहाव्या महिन्यात मात्रा ६ मिलिग्रॅम आहे, डायझेपाम कधीच संपलं, फिजिओथेरपी चालू आहे, ओझं उचलायला हेल्पर ठेवलाय. भाऊ प्रत्येक भेटीला एकच विचारतो, “ही गोळी बंद कधी?” त्याला दिलेलं उत्तर असं: किमान वर्षभर नाही. त्यानंतरही सलग काही महिने आत्महत्येचे विचार नसतील, झोप जागेवर असेल, कंबर गोळीशिवाय सांभाळता येत असेल आणि रुग्णाला स्वतःला हवं असेल, तरच. कमी करताना महिन्याला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, २ मिलिग्रॅमच्या खाली ०.४ मिलिग्रॅमच्या छोट्या गोळीनं, आणि सुगीत, लग्नसराईत किंवा हप्ता थकलेल्या महिन्यात तर मुळीच नाही. प्रत्येक पायरीनंतर आठवड्यानं फोन. पहाटे जाग यायला लागली, तर विचारांची वाट न पाहता मात्रा आधीच्या पायरीवर.